खळगे, सावली आणि जागलीची बॅटरी: शिळावर्तुळांची नोंद करायला काय घ्यावे, काय घेऊ नये

नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळात, म्हणजे प्राचीन काळी मोठे दगड गोलाकार मांडून केलेल्या रिंगणात, भर दुपारी उभे राहून दगड पाहिले, तर बहुतेकांना त्यांवर काहीच दिसत नाही. त्यांवर कोरलेले खळगे तिथेच असतात. पण ऊन वरून सरळ पडते, खळग्याच्या काठाला सावली उरत नाही आणि काळ्या दगडात काळा खळगा मिसळून जातो. माणूस वर्तुळाला एक फेरी मारतो, आपला फोटो काढतो आणि काटोल रोडने परत जातो. म्हणून या कामाची साधने निवडताना आम्ही पहिला प्रश्न सावलीचा विचारतो: ती हवी तिथे आणि हवी तेवढी पाडता येते का? कॅमेऱ्याचा विचार त्यानंतर.

विदर्भात ही वर्तुळे शेकड्यांनी आहेत. एकट्या जुनापाणीला तीनशेच्या आसपास मोजली जातात. तिथल्या काही दगडांवर वाटीसारखे खोलगट खळगे ओळीने कोरलेले आहेत. जे. एच. रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांची नोंद छापली आणि युरोपातल्या अशाच खळग्यांशी त्यांची तुलना केली. १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे उत्खनन केले. पुढे टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड, भागीमोहारी, बोरगाव अशी उत्खनने होत गेली आणि लोखंड, घोड्यांचे अलंकार, अकिकाचे मणी यांच्यासकट हा महापाषाणीय काळ, म्हणजे मोठ्या दगडांची स्मारके उभारणाऱ्या लोकांचा काळ, उलगडला. जुनापाणी संरक्षित आहे. पण कितीतरी वर्तुळे वावरात, बरडावर आणि धुऱ्याला लागून उघडी पडली आहेत. नांगरटीला आड येतो म्हणून जेसीबीने दगड धुऱ्यावर लोटला की वर्तुळाची एक बाजू गेली. तो गिट्टीसाठी फुटला की त्यावरचे खळगेही गेले. तज्ज्ञ येईपर्यंत थांबण्यात शहाणपण नाही. गावातल्या शिक्षकाने, विद्यार्थ्याने, शेतकऱ्याने आजच नीट नोंद केली तर ती उरते.

त्या नोंदीसाठी लागणाऱ्या वस्तूंचे हे परीक्षण आहे. कसोट्या तीन ठेवल्या: दगडाला धक्का न लावता काम व्हावे, मोबाइलला रेंज नसली तरी अडू नये, आणि तालुक्याच्या बाजारात वस्तू मिळावी.

जागलीची बॅटरी

रोही (नीलगाई) आणि रानडुकरे हाकलायला शेतकरी रात्री जी बॅटरी घेऊन माळ्यावर बसतो, तीच इथली सगळ्यात उपयोगी वस्तू आहे. तीनशे ते सहाशे रुपयांत मिळते. महागडी घेण्याची गरज नाही, पण घेताना काय पाहायचे ते कळले पाहिजे.

आधी हिशेब समजून घ्या. पाच सेंटिमीटर रुंद आणि पाच मिलिमीटर खोल अशी वाटी धरली, तर तिचा उतार काठापाशी साधारण २२ अंशांचा येतो. प्रकाश त्याहून जास्त कोनातून आला की वाटीत सावली पडतच नाही, फक्त उजेडात थोडा फिकटगडद फरक राहतो. नागपूरला डिसेंबरच्या अखेरीसही दुपारचा सूर्य ४५ अंशांवर असतो. २६ मेच्या सुमारास तर तो बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीचीही सावली नाहीशी होते. म्हणजे दुपारच्या उन्हात उथळ खळगा दिसावा ही अपेक्षाच चुकीची. बॅटरीचा प्रकाश मात्र १० ते १५ अंशांवर आणता येतो. दगडापासून एक मीटरवर बॅटरी धरली, तर खळग्याच्या पातळीपेक्षा ती १८ ते २७ सेंटिमीटर वर हवी. बहुतेक जण ती छातीपाशी धरतात आणि मग ‘काही दिसत नाही’ म्हणतात. गुडघ्यावर बसा, बॅटरी दगडाच्या माथ्याला जवळजवळ लागून आडवी धरा, मग तिथून हळूहळू वर न्या. एका ठरावीक उंचीला सगळी ओळ एकदम उठून येते. ती उंची वहीत लिहून ठेवा.

आता दुकानातली परीक्षा. पुढची काच मागेपुढे सरकवून झोत लहानमोठा करता येणारी बॅटरी घेतलीत, तर झोत पूर्ण लहान केल्यावर भिंतीवर चौकोनी ठिपका पडतो. ती आतल्या एलईडीची प्रतिमा असते. तिच्यात उजेड एकसारखा नसतो आणि फोटोत तो डाग दगडावरचा वाटतो. झोत पूर्ण मोठा करून वापरायचा. तेव्हा गोल आणि सपाट उजेड मिळतो. चकचकीत वाटी असलेल्या मोठ्या बॅटऱ्यांत मधे प्रखर ठिपका आणि बाहेर वलय पडते. काचेवर बटर पेपर लावला की वलय जाते, पण सावलीची कडही मऊ होते. म्हणून हा उपाय दुसऱ्या क्रमांकाचा.

दुसरी परीक्षा फोनने करा. बॅटरी ‘मंद’वर ठेवून पांढऱ्या भिंतीवर मारा आणि फोनच्या कॅमेऱ्यातून भिंत पाहा. पडद्यावर काळे आडवे पट्टे सरकताना दिसले, तर ही बॅटरी मंद उजेडात वेगाने चालूबंद होत राहते. डोळ्याला ते कळत नाही, फोटोत कळते. अशी बॅटरी घ्यायला हरकत नाही, पण काम पूर्ण उजेडातच करा.

आत शिशाची बॅटरी असलेले मोठे मॉडेल स्वस्त पडते, पण ते पूर्ण उतरवून चार महिने कोनाड्यात ठेवले की मरते. जागलीचा हंगाम संपला तरी महिन्यातून एकदा चार्ज करा. लिथियमचे मॉडेल हलके असते आणि तेवढे लाड मागत नाही. डोक्याला बांधायची बॅटरी या कामासाठी घेऊ नका. तिचा उजेड डोळ्यांच्याच रेषेत जातो, सावली वस्तूच्या मागे लपते आणि खळगा सपाट होतो. फोनच्या फ्लॅशचाही हाच दोष. तो बंदच ठेवा.

संरक्षित स्थळी सूर्यास्तानंतर थांबता येत नाही आणि थांबूही नये. मग दिवसा बॅटरी कशी चालणार? थेट उन्हापुढे तिचा उजेड हरतो, म्हणून दगडावर आधी सावली करावी लागते. दोघांनी घोंगडी किंवा जाड काळे कापड ताणून धरायचे. निळी ताडपत्री सगळ्यांकडे असते आणि खळग्यांसाठी तीही चालते, कारण ते फोटो शेवटी काळेपांढरेच करायचे असतात. रंगाचे काम असेल तर ताडपत्री नको. दगड निळा पडतो.

दाढीचा आरसा

दिवसाच्या कामात आमच्या मते आरसा बॅटरीला मागे टाकतो. पन्नासशंभर रुपयांचा हातभर आरसा पुरतो. दगडावर घोंगडीची सावली, एक माणूस तीनचार मीटर दूर उन्हात, आणि तो हातातल्या आरशाने उन्हाचा कवडसा दगडावर आडवा टाकतो. तीन मीटरवरून १० ते १५ अंश साधायचे, तर आरसा खळग्याच्या पातळीपेक्षा ५० ते ८० सेंटिमीटर वर हवा. दगडावरून पाहता सूर्याचे बिंब बॅटरीच्या काचेपेक्षा लहान दिसते, म्हणून या सावलीची कड बॅटरीच्या सावलीपेक्षा रेखीव असते. उजेडही कितीतरी जास्त असतो, त्यामुळे फोटो हलत नाही.

अडचणी तीन. मधले गवत कवडसा अडवते. ते कापू नका, आरशाची जागा बदला. आरसेवाल्याचा हात थरथरतो. आरसा विटेला किंवा डब्याला टेकवून ठेवा. तिसरी अडचण धोक्याची आहे. दोन तोंडांच्या आरशाची एक बाजू चेहरा मोठा दाखवणारी, म्हणजे अंतर्वक्र असते. ती ऊन एका ठिकाणी गोळा करते. फेब्रुवारी-मार्चमधल्या वाळलेल्या गवतात ती बाजू उन्हाकडे उघडी ठेवून दिली तर आग लागू शकते. सपाट बाजूच वापरा आणि काम झाले की आरसा कापडात गुंडाळून ठेवा.

बॅटरी आणि आरसा दोन्ही नसतील तर घड्याळ वापरा. डिसेंबर-जानेवारीत सूर्योदयानंतरचा पहिला सव्वा तास आणि सूर्यास्ताआधीचा शेवटचा सव्वा तास सूर्य १५ अंशांच्या खाली असतो. पावणेदोन ते दोन तासांनंतर तो २२ अंश ओलांडतो आणि उथळ खळगे बुजू लागतात. या दिवसांत गवत वाळून बसलेले असते, दगड कोरडा असतो. कुसळे पायाला टोचतात, एवढेच. पावसाळ्यात जाऊ नका. ओला दगड चमकतो, गवत कमरेएवढे असते आणि दगडांच्या फटीत इंचू-साप असतात.

दहा सेंटिमीटरची पट्टी

शैलकला टिपताना जगभर वापरली जाणारी इफ्राओ (शैलकला संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) पट्टी दहा सेंटिमीटरची असते आणि तिच्यावर रंगांचे चौकोन असतात. १९९४ पासून ती वापरात आहे. पट्टीमुळे माप कळते आणि रंगांच्या चौकोनांमुळे पुढे कधीही फोटोतला रंग सुधारून घेता येतो. खळग्यांसाठी रंगांची गरज नाही, साधी काळीपांढरी पट्टीही चालते. पण छापताना हमखास चूक होते. झेरॉक्सच्या दुकानातला प्रिंटर ‘पानात बसवा’ या सेटिंगवर असतो आणि पट्टी चार-पाच टक्के आखडते. मग तुमचे दहा सेंटिमीटर खरे साडेनऊच असतात आणि प्रत्येक माप तेवढ्या प्रमाणात फुगते. दुकानदाराला ‘शंभर टक्के’वर छापायला सांगा आणि दुकानातच स्टीलच्या पट्टीने मोजा. चकचकीत लॅमिनेशन करू नका. बॅटरी तिरकी पडली की पट्टी पांढरीफटक होते. जाड कागदावर छापून पुठ्ठ्याला चिकटवली की झाले. पट्टी विसरली तर दहा रुपयांचे नाणे ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. पाच रुपयांच्या नाण्यावर भिस्त ठेवू नका, ती वेगवेगळ्या आकारांत निघाली आहेत.

पट्टी कुठे ठेवली हे ती किती अचूक आहे याहून महत्त्वाचे. ती खळग्यांच्याच पातळीत हवी. समजा फोन दगडाच्या माथ्यापासून १५० सेंटिमीटरवर आहे आणि पट्टी ४० सेंटिमीटर खाली जमिनीवर ठेवली आहे. फोनपासून ती १९० सेंटिमीटरवर गेली, म्हणून फोटोत लहान दिसते, आणि तिच्या हिशेबाने सहा सेंटिमीटरचा खळगा साडेसात सेंटिमीटरच्याही वर जातो. जुन्या छायाचित्रांत ही चूक इतकी आहे की त्यांवरून घेतलेली मापे आम्ही पडताळल्याशिवाय वापरत नाही.

फोन

गेल्या पाचसहा वर्षांतला कुठलाही बरा फोन पुरतो. रुंद दाखवणारी लेन्स वापरू नका, ती कडेचे खळगे ताणते. दीड मीटर मागे सरका आणि दुप्पट झूम घ्या. पडद्यावर दगडावर बोट दाबून धरले की फोकस आणि उजेड दोन्ही पक्के होतात. ते न केल्यास बॅटरीची दिशा बदलली की फोन स्वतःच उजेड बदलतो आणि फोटो एकमेकांशी जुळत नाहीत.

दिशा मोजायला मात्र फोनवर आंधळा विश्वास ठेवू नका. खळगे असलेले दगड वर्तुळाच्या मध्यापासून कोणत्या दिशांना आहेत, यावर जुनापाणीत अभ्यास झाला आहे. त्या दिशा ठरावीक असून त्यांचा आकाशातल्या घटनांशी संबंध असावा, अशी मांडणीही झाली आहे. म्हणून दिशेची नोंद वाटते त्याहून मोलाची आहे. पण इथला काळा दगड बेसॉल्ट आहे आणि त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. फोन दगडावर ठेवून दिशा घेतली तर होकायंत्र भरकटू शकते. लोखंडी टेप, मोटारसायकल, विळा जवळ असला तरी तेच. दगडापासून दोन मीटर दूर उभे राहून मध्याकडून दगडाची दिशा घ्या, मग दगडापलीकडून मध्याची घ्या. दोन आकड्यांत १८० अंशांचा फरक यायला हवा. चारपाच अंशांहून जास्त तफावत असेल तर कुठेतरी लोखंड आहे. जीपीएसची अडचण वेगळी. उघड्या रानातही फोन तीनपाच मीटर चुकतो आणि वर्तुळे एकमेकांना खेटून असतात. त्यामुळे एका वर्तुळाची नोंद शेजारच्याच्या नावावर जाते. हाताने काढलेला नकाशा सोबत हवाच.

एका दगडाचे काम

दगडावरचा पालापाचोळा हाताने उचला. दगडफुलाचे डाग खरवडू नका, पाणी ओतू नका. वर्तुळातल्या दगडांना उत्तरेकडून सुरू करून घड्याळाच्या दिशेने क्रमांक द्या. ते वहीतल्या नकाशावर द्या, दगडावर नाही. मग संपूर्ण वर्तुळाचा एक फोटो, दगडाचा एक, आणि माथ्याचा वरून एक, पट्टीसकट. त्यानंतर फोन हलू न देता आठ दिशांनी प्रकाश टाकून आठ फोटो. एका दिशेने दिसलेली ओळ दुसऱ्या दिशेने नाहीशी होते, म्हणून आठाच्या खाली जाऊ नका.

प्रत्येक खळग्याची चार मापे हवीत: लांब व्यास, आखूड व्यास, खोली, आणि पुढच्या खळग्याच्या मध्यापर्यंतचे अंतर. खोलीसाठी काठावर प्लॅस्टिकची सरळ पट्टी आडवी ठेवा आणि प्लॅस्टिकच्या व्हर्नियरचा दांडा हलकेच खाली सोडा. स्टीलचा व्हर्नियर नको, झिजलेल्या बेसॉल्टची पापुद्र्यासारखी साल त्याच्या टोकाने निघते. इथला दगड कांद्यासारखा थराथराने सुटतो, हे कधी विसरू नका. याच कारणाने कागद ठेवून पेन्सिलीने घासून ठसा घेणे, प्लास्टर किंवा सिलिकॉनचा साचा काढणे या पद्धती आम्ही साफ नाकारतो. वर बसलेला कागद सोलताना दगडाची शेवटची साल सोबत येते.

आता सगळ्यात जास्त चुका होतात तो भाग. दिसला खळगा की तो कोरलेला, असे नसते. बेसॉल्ट थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकलेले असतात. ते उघडे पडले की भोके दिसतात. ही भोके लहानमोठी, वेडीवाकडी, सगळीकडे विखुरलेली असतात, काठ धारदार असतो आणि कित्येकांच्या तळाशी पांढरे स्फटिक चिकटलेले असतात. कोरलेला खळगा वाटीच्या घाटाचा, काठाला गोलसर आणि ओळीत किंवा ठरावीक मांडणीत असतो. जगभर असे खळगे दीड ते दहा सेंटिमीटर व्यासाचे आढळतात. त्याहून फार रुंद आणि खोल, आतून गुळगुळीत झालेला खड्डा असेल, तर तो उखळाचा असण्याची शक्यता जास्त. एका सरळ रेषेत चौकोनी, उभ्या भिंतींची भोके असतील आणि आत छिन्नीचे समांतर ओरखडे असतील, तर ती दगड फोडायला पाचर ठोकण्यासाठी पाथरवटांनी केलेली आहेत. गोल, बोटभर रुंद आणि वीतभर खोल सरळ भोक सुरुंगाचे. तिरक्या प्रकाशात पाचही वेगळे ओळखू येतात, दुपारी पाचही सारखेच वाटतात.

त्रिमितीची सॉफ्टवेअरे

फोनने चारही बाजूंनी फोटो काढून दगडाची त्रिमितीय प्रतिकृती करता येते, आणि ती झाली की खळग्याची खोली घरी बसून मोजता येते. साधन उत्तम आहे, पण फसण्याच्या जागाही भरपूर आहेत.

रिअ‍ॅलिटीस्कॅनसारखे फोनवरचे अ‍ॅप सोपे आहे, पण फोटो इंटरनेटवरून दूरच्या संगणकावर पाठवते. रानात रेंज नसली तर तिथे निकाल कळत नाही. घरी आल्यावर एक बाजू राहून गेल्याचे समजते. म्हणून अ‍ॅपवर अवलंबून न राहता फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यानेच फोटो काढा आणि ते मूळ फोटो जपून ठेवा. संगणकावर मेशरूम फुकट आहे, मात्र पूर्ण बारकावा हवा असेल तर एनव्हिडियाचे ग्राफिक कार्ड लागते. साध्या लॅपटॉपवर ते कच्चाच आकार देते आणि त्यात उथळ खळगे दिसत नाहीत. मोजायला क्लाउडकंपेअर हे फुकट सॉफ्टवेअर आमच्या पसंतीचे आहे. त्यात खळग्याचा आडवा छेद काढून काठ आणि तळ यांतले अंतर पाहता येते.

फोटो काढताना बॅटरी आणि आरसा दोन्ही बाजूला ठेवा. इथे सावली शत्रू आहे. ढगाळ आभाळ किंवा पांढऱ्या चादरीची सावली हवी. एका दगडाला दोन फेऱ्या मारा, एक कमरेच्या उंचीवरून, एक डोक्यावरून खाली पाहत. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला ६० ते ८० टक्के भाग यायला हवा. ४० ते ६० फोटो लागतात. दगडाभोवती किमान दोन पट्ट्या ठेवा. एकीने प्रतिकृतीचे माप ठरवा आणि दुसरीची लांबी प्रतिकृतीत मोजून पाहा. ती दहा सेंटिमीटर आली नाही तर मॉडेल चुकले आहे, दिसायला कितीही सुंदर असो. काम वीस मिनिटांहून जास्त लांबले तर सावल्या सरकतात आणि पृष्ठभागावर खोटे उंचवटे उमटतात. उन्हाळ्यात ४५ अंशांत फोन तापून बंद पडतो. महागड्या आयफोनमधल्या लायडारवर (लेसरने अंतर मोजणाऱ्या सोयीवर) या कामासाठी पैसे घालू नका. खोली किंवा झाड मोजायला तो चांगला, पाच मिलिमीटरचा खळगा त्याच्या पकडीत येत नाही.

फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपचे दोन गुण लक्षात ठेवा. साधा फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान होतो आणि त्रिमितीच्या कामाचा राहत नाही. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ दर्जा टिकतो, पण त्यात जागेचे अक्षांश-रेखांशही तसेच जातात. जी जागा संरक्षित नाही तिचे अक्षांश-रेखांश गटात फिरले की मणी आणि गुप्तधन शोधणारे कुदळी घेऊन पोहोचतात. अनोळखी गटात डॉक्युमेंट पाठवू नका.

डीस्ट्रेच

हे खळग्यांसाठी नाही, रंगचित्रांसाठी आहे. मोर्शी-वरूडच्या उत्तरेला, सातपुड्यात मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्याच्या हद्दीत रंगवलेली शैलाश्रये आहेत. तिथे जाणाऱ्यांनी हे जरूर घ्यावे. जॉन हार्मन यांनी तयार केलेले हे साधन रंगांतला बारीक फरक ताणून मोठा करते आणि डोळ्याला न दिसणारे लाल-पिवळे आकार वर आणते. लाल रंगासाठी वायबीआर आणि एलआरई, पिवळ्यासाठी एलडीएस हे पर्याय आधी पाहा. दोष हा की दगडातलाच तांबडा लोहांश, पाण्याचे ओघळ आणि दाबलेल्या फोटोतले चौकोनसुद्धा ते तितक्याच उत्साहाने रंगवून दाखवते. मूळ फोटोत ज्याचा मागमूसही नाही असा आकार फक्त डीस्ट्रेचमध्ये दिसला, तर त्याला चित्र म्हणू नका. मूळ फोटो आणि ताणलेला फोटो दोन्ही शेजारी ठेवा.

दगडी हत्यारांसाठी भिंग

वर्धा-वैनगंगेच्या खोऱ्यात हातकुऱ्हाडींपासून सूक्ष्मास्त्रांपर्यंत दगडी हत्यारे मिळतात. चंद्रपूरजवळची पापामिया टेकडी तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. पहिल्या पावसाने माती धुतली की नांगरलेल्या वावरात चर्ट, अकीक आणि गारगोटीचे तुकडे चमकतात. त्यांतले बहुतेक निसर्गाने किंवा नांगराने फोडलेले असतात. वेगळे ओळखायला १० पट दाखवणारे तीन काचांचे भिंग घ्या. ‘३० पट’ असे लिहिलेली स्वस्त भिंगे खरी दहाच्या आसपासच असतात आणि कडेला चित्र वाकते. ती घेऊ नका.

भिंगातून चार गोष्टी शोधा: जिथे ठोका बसला ती छोटी सपाट जागा, तिच्याखालचा फुगवटा, त्यापासून पसरलेल्या लाटा, आणि पाठीवर आधी निघालेल्या छिलक्यांचे खाचे. फुगवटा आणि पाठीवरचे एका दिशेचे खाचे दोन्ही असतील, तर माणसाच्या हाताची शक्यता मोठी. उन्हाने किंवा वणव्याने तडकलेला तुकडा बशीसारखा सुटतो, त्याला ठोक्याची जागा नसते. रोटाव्हेटरने फुटलेल्या कडेला ताजा, चमकदार रंग असतो आणि कित्येकदा लोखंडाची तांबूस रेघ. बाकी पृष्ठभाग जुनाट मळकट आणि एकच कड टवटवीत दिसली, तर ती कड आजची आहे.

हत्यार उचलून खिशात घालू नका. जागेवरच फोटो घ्या, उजेड वरच्या डाव्या बाजूने पडेल असा, पट्टी शेजारी. हत्याराचे निम्मे ज्ञान ते कुठे पडले होते यात असते. डोळा तयार करायचा असेल तर आधी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, १८६३ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या अजब बंगल्यात, अर्धा दिवस घालवा. भिंगापेक्षा त्याने जास्त शिकता येते. नवी जागा सापडली तर राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला फोटो आणि नकाशासह कळवा. संरक्षित स्थळी ट्रायपॉड किंवा ड्रोन न्यायचा असेल तर परवानगी आधी काढा.

खडू

दुकानातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट वस्तू. खळगा उठून दिसावा म्हणून त्यात खडू भरण्याची सवय अजून गेलेली नाही. खडू झिजलेल्या दगडाच्या बारीक भेगांत बसतो, पुढच्या अभ्यासकाला मूळ पृष्ठभाग दिसत नाही, आणि भरणाऱ्याने जिथे खळगा मानला तिथेच तो कायमचा ‘ठरतो’. चुना, तेल, ऑइलपेंट यांची तीच गत. संरक्षित स्मारकाला इजा करणे किंवा ते विद्रूप करणे हा दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांचा गुन्हा आहे. आधीच कुणी खडू भरलेला दगड मिळाला, तर तो पुसायला ब्रश किंवा ओले फडके लावू नका. आहे तसा फोटो घ्या, वहीत ‘खडू भरलेला’ असे लिहा आणि दोन पावसाळ्यांनंतर पुन्हा जाऊन तिरक्या प्रकाशात तो दगड नव्याने टिपा.